ताकदीच्या गोळ्या

कामानिमित्त चार दिवस बाहेरगावी होतो, तिथं एका बाईकडे गेलो. हे लिहितानाही हात आखडतो, पण लपवाछपवी बास झाली. पंधरा दिवसांनी लघवीला जळजळ सुरू झाली. कोल्हापुरात दवाखान्याच्या पायरीवर पाय ठेवला की कुणीतरी "काय पावणं, हिकडं कुठं?" म्हणतंच. म्हणून मी सांगली गाठली. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

तपासणीत क्लॅमिडिया निघाला. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "घाबरू नका. या जंतूवर साधं औषध अजून चांगलं चालतं. पण बायकोनंही घ्यायचं. दोघांनी एकदमच, सकाळ-संध्याकाळ एकेक, सात दिवस. पाण्याबरोबर घ्या. दुधाबरोबर नको, औषध पुरतं अंगी लागत नाही. आणि तोवर लांब राहा." बायकोला घेऊन या, मी समजावतो, असंही ते म्हणाले. मी मान डोलावली आणि तिच्या चौदा गोळ्या खिशात घातल्या.

घरी तिला सांगितलं, "ताकदीच्या गोळ्या हाईत. लई दमतीस तू." ती चक्क लाजली. इतकी काळजी मी तिची कधी केलीच नव्हती.

आमच्या दारात दोन म्हशी आहेत, आणि आमच्याकडे ताकदीचं काहीही असो, ते दुधाबरोबरच घेतात. तिनंही पेलाभर दूध घेतलं. मी समोरच बसलो होतो. 'पाण्याबरोबर घे' म्हणालो असतो, तर तिनं 'का?' विचारलं असतं. म्हणून मी पेपरात तोंड खुपसलं. माझ्या गोळ्या मात्र ऑफिसात, वेळेवर, पाण्याबरोबर घेत होतो. इतका नालायक माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

दोन महिन्यांनी माझी जळजळ परतली आणि तिचं ओटीपोट दुखू लागलं. मला पहिल्यांदा आला तो राग, तोही औषधावर! तिला घेऊन सांगलीला गेलो, तिला बाहेर बसवलं आणि डॉक्टरांशी भांडलो, "जंतू दाद देईना झालाय. भारीतलं काहीतरी द्या." त्यांनी सरळ तिला आत बोलावलं आणि गोळ्या कशा घेतल्या ते विचारलं.

"दुधासंगं," ती म्हणाली. "पर सातच घेतल्या. निम्म्या आत्तींना दिल्या. त्यांचं गुडघं धरत्यात, ताकद त्यांनाच पायजे की." आत्ती म्हणजे माझी आई. डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले, तशी ती घाईनं म्हणाली, "चूक माझी हाय. ह्यांनी आठवणीनं आणल्या हुत्या. त्यांना काय बोलू नगासा."

"तुम्ही सांगताय ना त्यांना?" डॉक्टरांनी मला एवढंच विचारलं.

मी सांगितलं. बाहेरगावचं, आजाराचं, गोळ्यांचं, सगळं, जमिनीकडे बघत. ती रडेल, शिव्या घालेल असं वाटलं होतं. तिनं ते करायला हवं होतं. पण माझ्याकडे न बघता तिनं डॉक्टरांना विचारलं, "आत्तींना काय अपाय तर न्हाय न्हवं व्हायचा?"