मावरं की मासळी?

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. माझी बायको सुनीता गेल्यापासून काही लिहावंसं वाटलं नाही. ती शाळेत मराठी शिकवायची.

आज बोईसरहून ड्युटी संपवून घरी आलो, तर तिची दांडी गावची एक विद्यार्थिनी आईबरोबर दारात बसली होती. निबंधातला 'मावरं' हा त्यांचा कोळी बोलीतला शब्द खोडून शाळेत कुणीतरी 'मासळी' केलं होतं, तेव्हापासून तिने लिहिणंच सोडलं होतं.

"बाई असत्या तर ऱ्हाऊ दिलं असतं," ती म्हणाली.

"मासळी म्हटलं की वास कमी येतो काय?" आई म्हणाली. "भाऊ, लिव म्हणून तुमीच सांगा हिला. माजं ऐकत नाय."

मी कारखान्यातला माणूस, त्यात थकलेलो. त्यांना परत पाठवणार होतो. पण सुनीता निबंध तपासायच्या आधी मुलांना मोठ्याने वाचायला लावायची, तेवढं आठवलं.

"वाच. मावरंच वाच."

आई भल्या पहाटे मावरं आणायला बंदरावर जाते, असं तिने लिहिलं होतं. आई पुढे सरकली.

"गे, हे माज्यावर हाय?"

"तू कदी इचारलंस?"

मला लिखाणातलं कळत नाही. रविवारी पुढचं लिहून आण, दोघी या, एवढंच सांगितलं. त्या गेल्यावर घर परत गप्प झालं.

तुमचं पहिलं लिखाण कोणी ऐकलं होतं?