हवेतल्या पाहुणीला चहा

हवेला रामराम घालून वर तिला चहा विचारणारा माणूस अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात एकच झाला, आणि तो माझा साडभाऊ. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. आमगावच्या ज्या राइस मिलमध्ये मी सुपरवायझर आहे, तिथेच तो मिस्त्री होता. यंत्राच्या पत्र्यावर नुसता तळहात ठेवून कोणतं बेअरिंग कण्हतंय ते सांगायचा. नव्या यंत्राबरोबर एक चष्मा आला तेव्हा तो मालकाने साहजिकच याच्याच डोळ्यांवर चढवला.

चष्मा कसला, हेल्मेटच. घातला की समोरचं यंत्र तर दिसायचंच, शिवाय पुण्यात बसलेल्या इंजिनिअर बाईंचे दोन निळे हात हवेत तरंगत यायचे आणि कोणता बोल्ट फिरवायचा ते दाखवायचे. बाईंना तिकडे याचे हात दिसत. पहिल्या दिवशी याने चपला काढून त्या हातांना रामराम केला, आणि बोट रोखलेलं पाहताच बिघडला. "बोट कायले दाखवून राहिली, बाई? तोंडानं सांग न!" मग रुळला, इतका, की चहा आला की एक कप त्या हातांसमोर ठेवायचा आणि थंड झाल्यावर स्वतःच प्यायचा. "पाहुणी लाजते," म्हणायचा. बाईंच्या हातांना घट्टे नाहीत याचं त्याला फार वाईट वाटे. तांदूळ तळहातावर चोळून कोंडा किती राहिला ते ओळखायला त्याने बाईंना शिकवायला घेतलं.

"काका, हाताला काहीच लागत नाही!" बाई पुण्याहून म्हणायच्या.

"घरच्या डब्यातले तांदूळ घे न, बाप्पा!"

खोड एकच. हा तंबाखू मळायला लागला की चष्म्याला ती खूण वाटे, आणि बाईंनी हवेत मांडलेला नकाशा गरगरा फिरे.

आता जे लिहितो ते तीन वर्षं पोटात होतं. एका दुपारी चष्मा माझ्या टेबलावर होता. मी हौसेने चढवला. बाईंनी एका बोल्टवर हवेतच लाल बाण खोचून ठेवला होता. नाकावर माशी बसली, मी हात झटकला, आणि बाण शेजारच्या बोल्टवर जाऊन बसला. परत आणता येईना. मी चष्मा गुपचूप काढून ठेवला. पुढे साडभाऊ कामाला लागला. पत्र्यावर तळहात ठेवून म्हणाला, "यंत्र त नाही म्हणते. पण पाहुणीचा शब्द आहे." आणि तो बोल्ट सैल केला. पोतंभर कोंडा नेमका मालकाच्या पांढऱ्या सफारीवर. मालक बेसनात बुडवलेल्या मिरचीसारखा उभा. पुण्याहून कळलं, बाण मिलमधूनच कोणाच्या तरी हाताने हलला.

"हाच तंबाखू मळते साला!" मालक गरजला.

साडभाऊने माझ्याकडे पाहिलं. मी रजिस्टर उघडलं.

"हाव," तो म्हणाला, "माह्येच हात असतीन." संध्याकाळी तो दवनीवाड्याला घरी गेला, तो कायमचाच.

गेल्या आठवड्यात त्याच्या बांधीवर, धानाच्या शेतात जाऊन सगळं सांगितलं. तो तंबाखू मळतच राहिला.

"मले मालूम होतं. तवा मी डबा खाऊन राहिलो होतो, चष्मा तुमच्या टेबलावर."

"मग बोलला काऊन नाही?"

"तुमची पोरगी कॉलेजात होती, भाऊ. माह्यापाशी त धान होतं." तंबाखू दाढेखाली धरून त्याने विचारलं, "पाहुणी बरी आहे?"

चष्मा आता माझ्या डोळ्यांवर असतो. निळे हात येतात, ते आधी रामराम करतात. मग मूठभर तांदूळ चोळतात, कोंडा किती राहिला ते पाहतात, आणि तेव्हाच यंत्राकडे वळतात. हे त्याला सांगितलं. तो गालात हसला, चपला काढल्या आणि धानावरच्या मोकळ्या हवेला रामराम केला.

मीही चपला काढल्या.