डाव्या मुठीचं रीळ

सोलापुरात आम्ही बिऱ्हाड केलं तेव्हा लग्नाला दोन वर्षं होत आली होती. हे पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. भीमेवरच्या धरणाचं काम तेव्हा जोरात चाललं होतं आणि यांची नेमणूक तिकडे, जेऊरच्या बाजूला साइटवर होती. तिथे पत्र्याच्या शेडमध्ये चार-चार माणसं राहायची, बायकांची सोय नव्हती. म्हणून मी सोलापुरात विजापूर रस्त्याच्या आतल्या अंगाला दोन खोल्यांत राहायची. हे शनिवारी संध्याकाळच्या गाडीने यायचे आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने परत जायचे.

आठवड्याचे सहा दिवस मी एकटी असे. मूल नव्हतं. एका माणसाचा स्वयंपाक अर्ध्या तासात आटोपतो, पुढचा दिवस मोकळा पडतो. पावशेर शेंगदाणे घ्यायचे तरी मी शुक्रवार पेठेपर्यंत चालत जायची. तिथला दुकानदार आमच्यापैकीच, घरात कानडी बोलणारा होता. 'एन बेकु, अक्का?' म्हणून विचारायचा. काय हवं एवढंच, पण कुणीतरी आपल्या बोलीत विचारलं म्हणून बरं वाटायचं. कधी कधी तेवढंच दिवसभरातलं बोलणं असायचं.

रविवार आला की वाटायचं, आज माणूस घरात आहे. पण यांना मासे धरायचा नाद होता. साइटवरचे एक वयस्क इंजिनिअर निवृत्त होऊन गेले, जाताना त्यांनी आपली काठी आणि रीळ यांना दिलं होतं. तेव्हापासून दर रविवारी चहा झाला की हे कंबर तलावाच्या वाटेला लागायचे. आमचं घर लिंगायताचं. घरात मासा येणं शक्यच नव्हतं आणि यांनाही तो खायचा नव्हता. धरायचा, हळूच गळ काढायचा आणि परत पाण्यात सोडायचा. शेजारच्या बाई मला म्हणायच्या, "मग जातातच कशाला?" मला उत्तर माहीत होतं. तिथे कुणाशी बोलावं लागत नाही. आठवडाभर मजुरांवर ओरडून यांचा घसा बसलेला असायचा. घरी आल्यावर हे जेवायचे, झोपायचे आणि तलावावर जायचे. मी गळासाठी कणकेचा गोळा मळून द्यायची, त्यात चिमूटभर हिंग घालून. आमचा रविवार तेवढाच.

अशी आणखी दोन वर्षं गेली. एका रविवारी मी सहज म्हटलं, "मी येऊ का?"

हे चपला घालता घालता थांबले. "ऊन लागेल की."

"लागू दे."

"बघ, चल मग," म्हणाले आणि पुढे चालू लागले.

तलावाच्या कडेला एका सपाट दगडावर आम्ही बसलो. तलावाचा राखणदार तिथेच बाभळीखाली बसायचा. यांना ओळखायचा, मासे सोडून देणारा साहेब म्हणून. मी पहिल्यांदाच यांना काम करताना, म्हणजे मन लावून काही करताना पाहिलं. हे उजव्या हातात काठी धरायचे, मागे नेऊन गळ लांब फेकायचे. मग काठी चटकन डाव्या हातात घ्यायची आणि रिळाची मूठ उजव्या हाताने फिरवायची. मूठ उजव्या बाजूलाच होती. दर वेळी काठीची अशी अदलाबदल करावी लागायची, पण हाताला इतकं वळण होतं की ती कळायचीही नाही.

तासाभराने हे उठून झाडीकडे गेले. "जरा धर, काही करू नको," म्हणून काठी माझ्या हातात दिली. आणि नेमका तेव्हाच तंगूस, म्हणजे रिळावरचा दोरा, ताणला गेला. काठी वाकली. मी काय केलं ते मला नंतर आठवून सांगावं लागलं. काठी डाव्या हातात घट्ट आवळली आणि उजव्या हाताने मूठ फिरवायला लागले. मासा वळायचा तशी काठी वळवत होते. हात आपोआप चालत होता. हे पळत येईपर्यंत मी मासा काठाशी आणला होता. हातभर लांब, पाठीवर काळसर.

बाभळीखालून राखणदार म्हणाला, "बाई, मगाशी कुत्र्याला खडा बी डाव्याच हातानं मारला, तुमी डावऱ्या हाय व्हय?"

 यांनी गुडघ्यावर बसून गळ काढला, मासा सोडला, हात धुतले. मग माझ्याकडे बघून विचारलं, "तू डावखुरी आहेस?"

"होते," मी म्हटलं.

खरं होतं ते. माहेरी करकंबला लहानपणी मी सगळं डाव्या हाताने करायची. आईला ते खपायचं नाही. 'एडगै' म्हणून ती ओरडायची, म्हणजे डावा हात. जेवताना तो हात पुढे आला की उलथन्याचा फटका बसायचा. पाटीवर डाव्या हाताने लिहिलं म्हणून तिने एक उन्हाळाभर माझं मनगट जुन्या लुगड्याच्या काठाने परकराच्या नाडीला बांधून ठेवलं होतं. मला एक कळायचं नाही. पूजेला इष्टलिंग आपण डाव्याच तळहातावर घेतो. देवाला चालतो तो हात भाकरीला का चालत नाही, असं मी एकदा विचारलं, तेव्हा आणखी एक फटका मिळाला. शेवटी मी सुधारले. जेवणं, लिहिणं, वाढणं, हळदीकुंकू, सगळं उजव्या हाताने. सासरी कुणाला संशयही आला नाही. फक्त फेकणं कुणी शिकवलं नव्हतं. मुलीला काही फेकावं लागेल असं कुणाच्या मनातही आलं नसणार. त्यामुळे चिंचा पाडायला दगड मारायचा तर अजूनही डावाच हात उठायचा.

यातलं मी यांना त्या दिवशी काही सांगितलं नाही. यांनीही विचारलं नाही. घरी जाताना फक्त म्हणाले, "चार वर्षांत लक्षात नाही आलं." ते मला म्हणाले की स्वतःला, ते कळलं नाही.

पुढच्या महिन्यात यांना खात्याच्या कामासाठी मुंबईला जायचं होतं. निघायच्या आदल्या दिवशी मी पिशवी भरत होते. हे दारात उभे राहून म्हणाले, "तुला एक काठी आणतो. रीळही. तिथे दोन्ही मिळतात, मूठ डावीकडे असलेलं आणि उजवीकडे असलेलं. तू कुठल्या हाताने फिरवशील?"

माझ्या हातात यांचा घडी केलेला शर्ट होता.  तुला कुठला हात पाहिजे, असं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. आई-वडिलांनी नाही, मास्तरांनी नाही. मी विचार केलाच नाही. तोंडातून निघालं, "डाव्या."

"नक्की?"

"नक्की."

हे आठ दिवसांनी आले ते कापडात गुंडाळलेली काठी आणि पुठ्ठ्याचा एक डबा घेऊन. रीळ नवं कोरं होतं, मूठ डाव्या बाजूला. मूठ बदलता यायची नाही, पक्कीच होती. चार वर्षांत यांनी माझ्यासाठी साड्या आणल्या होत्या, पण त्या सणाला आणायच्या म्हणून. हे तसं नव्हतं. मी त्या आठवड्यात एकटी असताना डबा दोनदा-तीनदा उघडला. घरातच खुर्चीवर बसून मूठ फिरवून पाहिली.

रविवारी तलावावर गेल्यावर पहिल्याच फेकीला माझी चूक माझ्या लक्षात आली.

फेकणारा हात डावा. गळ फेकला आणि काठी डाव्याच हातात राहिली. मूठही डावीकडेच. म्हणजे फिरवायचं तर काठी उजव्या हातात घ्यायला हवी. ती घेईपर्यंत तंगूस सैल पडायचा, गळ तळाला जाऊन पाणवेलींत अडकायचा. मला खरं म्हणजे उजव्या मुठीचं रीळ हवं होतं. डाव्या हाताने काठी सांभाळायची, उजव्याने फिरवायचं. त्या पहिल्या दिवशी यांच्या रिळावर माझ्या हातांनी न सांगता तसंच केलं होतं. डाव्या मुठीचं रीळ असतं ते उजव्या हाताने फेकणाऱ्यासाठी. आणि मी डावखुरी म्हणून डावं मागून बसले होते.

"जमतंय का?" यांनी पलीकडून विचारलं.

"जमतंय की," मी म्हटलं.

आणि पुढचे चार-पाच महिने मी तेच म्हणत राहिले. सांगायला काय हरकत होती? पण यांनी एवढं मुंबईहून आणलं होतं, तेही मला विचारून. विचारलं तेव्हा मी उत्तर चुकले, हे कबूल करायचं माझ्या जिवावर आलं. पुन्हा कुणी विचारलं नाही तर, असंही वाटायचं. मी उजव्या हाताने फेकायला शिकायचा प्रयत्न केला. गळ दहा हातांवर जाऊन पडायचा, एकदा तर माझ्याच पदरात अडकला. हे आपल्या पाण्याकडे बघत असायचे. त्या महिन्यांत मला एकही मासा लागला नाही. घरात एकटी असते तशीच तिथेही एकटी, फक्त जागा बदलली, असं वाटायला लागलं होतं.

एका रविवारी हे तलावाच्या दुसऱ्या बाजूला गेले होते. मला वाटलं, तिथून यांना मी दिसत नाही. मी उजव्या हाताचा नाद सोडला, डाव्याने चांगला लांब गळ फेकला, मग घाईघाईने हात बदलायला लागले. तेवढ्यात मागून आवाज आला.

"चुकीचं आणलं ना मी?"

मी वळले नाही. "मीच चुकीचं सांगितलं."

"बोलली नाहीस."

"तुम्ही हौसेनं आणलं होतं."

हे जवळ येऊन बसले. माझ्या हातातली काठी घेतली, रिळाकडे बघितलं, मग स्वतःच्या रिळाकडे. दोन्ही मुठी फिरवून पाहिल्या. मग म्हणाले, "हे माझं तू घे. उजव्या मुठीचं आहे. तुझं मी वापरतो. खरं तर मलाच हे बरं, हात बदलायला नको."

"तुमची सवय?"

"लागेल की."

पण नाही लागली. इतकी वर्षं उजव्या हाताने फिरवलेलं. आता डाव्या हाताने फिरवायला गेले की उजवा हात काठी सोडून मुठीकडे धावायचा. मूठ उलटी फिरायची, तंगूसाचा गुंता व्हायचा. कपाळावर घाम यायचा. अर्धा दिवस गुंता सोडवण्यात गेला तेव्हा हे म्हणाले, "हात ऐकत नाही गं."

"लहानपणी माझाही ऐकत नव्हता," मी म्हटलं.

मग मी सांगितलं. उलथनं, लुगड्याचा काठ, परकराची नाडी, इष्टलिंगाचा प्रश्न. यांनी गुंता मांडीवर तसाच ठेवला आणि ऐकलं. शेवटी एवढंच विचारलं, "दुखायचं का मनगट?" मी म्हटलं, "दुखायचं." इतकं बोलणं आमचं त्याआधी कधी झालं नव्हतं. ते आठवलं की अजून बरं वाटतं.

पुढे धरणाचं काम वाढलं. हे दर आठवड्याऐवजी पंधरा दिवसांनी यायला लागले, मग महिन्याने. मी एकटीच तलावावर जायला लागले. बाईमाणूस एकटं गळ टाकून बसलेलं बघून पोरं थांबायची, टिंगल करायची. राखणदार त्यांना हाकलायचा. "जावा की रं, काय बगाया लागलाय?" म्हणायचा आणि परत बाभळीखाली जाऊन बसायचा. यांच्या रिळावर माझा हात चांगला बसला. फेकावं, काठी त्याच हातात ठेवावी, उजव्या हाताने सावकाश फिरवावं. मासे लागायचे. मी गळ काढून सोडून द्यायची. एकदा एवढा मोठा कटला मासा लागला की मला तो पाण्याबाहेर उचलताही येईना. आजूबाजूला बघितलं तर राखणदारही नव्हता. गळ पाण्यातच काढला, आणि मासा गेल्यावर मी ओल्या हातांनी खूप वेळ तशीच बसून राहिले.

त्या संध्याकाळी मी यांना पत्र लिहायला बसले. कटल्याचं सगळं लिहायचं होतं. आंतरदेशीय पत्र पुढे घेतलं आणि पेन डाव्या हातात धरलं. का ते सांगता येणार नाही. घरात कुणी नव्हतं, मनगटावर काही बांधलेलं नव्हतं. अक्षर पहिलीतल्या पोरासारखं आलं, ओळी उतरत गेल्या, शाई हाताला लागली. चार ओळींना पाऊण तास लागला. तसंच चिकटवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पेटीत टाकलं.

आठवड्याने उत्तर आलं. साइटवर पाणी चढतंय, रजा मिळणार नाही, येताना लोणचं हवं, तब्येत सांभाळ. मी पत्र दोनदा वाचलं. अक्षराबद्दल काही नव्हतं. कटल्याबद्दलही नव्हतं.

हे तीन आठवड्यांनी आले. दमून काळे पडले होते. जेवण झाल्यावर मी विचारलं, "माझं मागचं पत्र मिळालं होतं ना?"

"मिळालं की. वाचायला वेळ लागला जरा. घाईत लिहिलंस वाटतं?"

मी ताटं उचलत होते. ती एकावर एक रचली.

"हो," म्हटलं, "घाईतच होते."

हे आडवे झाले आणि लगेच झोपले. मी भांडी घासायला बसले.