मोहनकाकाची एकट्याची होडी

मोहनकाकाच्या होडीची मीटिंग आमच्याच घरी भरते. मीटिंग संपली की दारातल्या चपला निघून जातात आणि एक किस्सा मागे राहतो. आता हे किस्से इतके साठलेत की आई म्हणते, "निम्मे शेजारी देऊन टाक." मला चारचौघांत सांगता येत नाहीत, म्हणून लिहिते.

काका लोणावळ्याचा, पण वेड समुद्राचं. मुंबईहून आफ्रिकेपर्यंत शिडाची होडी एकट्यानं न्यायची शर्यत आहे. त्यासाठी त्यानं कारखान्यातली नोकरी सोडली. खर्च तीन स्पॉन्सर करणार: चिक्कीवाले शेठ, दातांचे डॉक्टर आणि पवनानगरचे आबा. एक जरी रुसला, तरी होडी बंदरातच राहणार. त्यामुळे काका कोणालाच फार वेळ 'नाही' म्हणत नाही.

* * *

शेठना शिडावर चिक्कीची जाहिरात हवी होती.

"शेठ, भर समुद्रात मैलोन्‌मैल माणूस नसतो," काका म्हणाला. "वाचणार कोण?"

शेठनी जरा विचार केला. "मग अक्षरं मोठी काढा!"

* * *

डॉक्टरांना वेगळीच काळजी. "समुद्रात दाढ दुखली तर? आत्ताच काढून टाकू."

"पण माझी एकही दाढ दुखत नाही."

"म्हणूनच म्हणतो, घाई नाही. कोणती काढायची ते तू सांग!"

काका पुढे कितीतरी दिवस पेज पीत होता. काढलेली दाढ मी पाहिली. चांगली होती.

* * *

आबांना 'एकट्यानं' हेच पटेना. "आमचा गणपा न्या संगट."

"आबा, दुसरा माणूस चालत नाही. नियमच आहे."

आबांनी बशीतला चहा संपवला. मग म्हणाले, "गणपा लय गप असतो. तुमाला एकटंच वाटंल!"

* * *

शर्यतीआधी दिवसभर एकट्यानं होडी चालवून दाखवायची होती, आणि बघणाऱ्यांनी तसं शर्यत भरवणाऱ्या मुंबईच्या साहेबांना सांगायचं होतं. हे जमलं नाही, तर नाव कटणार. काकानं पवनेच्या नव्या धरणात होडी उतरवली. आम्ही घरचे काठावर सतरंजी टाकून बसलो. होडी सुटली तेव्हा पाण्यात जरा जास्तच खोल बसलेली मला दिसली.

पुढच्या रविवारी साहेब आमच्या घरी आले. काकानं इस्त्रीचा शर्ट घातला होता. साक्षीदार म्हणून आलेल्या तिन्ही स्पॉन्सरना त्यानं आधीच बजावलं होतं, "फक्त हो म्हणा."

"यांना एकट्यानं होडी चालवताना तुम्ही पाहिलंत?"

"हो," शेठ म्हणाले.

"हो," डॉक्टर म्हणाले.

"व्हय," आबा म्हणाले.

काकानं श्वास सोडला. मी चहाचा ट्रे पुढे केला.

साहेबांनी कप उचलला. "धरण मोठं आहे. एवढ्या लांबून नीट दिसलं?"

आबांना ते लागलं. "न दिसायला काय झालं, सायेब? आमी तिगंबी होडीतच बसलोतो!"