इस्फहानचा वाद

युसुफ टेलर गेल्याचं मले मेडशीच्या स्टँडावर कळलं. कोर्टाच्या तारखेवरून वाशीमहून परतलो, एसटीतून उतरलो, तं त्याच्या दुकानाचं शटर खाली. पानटपरीवाला म्हणे, "बाबा, तुमी मातीले नव्हते काय?" मी तिथंच बसलो... महिना होऊन गेला, अजून उठल्यासारखं वाटत नाही.

माझं शिक्षण तिसरीपर्यंत. अक्षर जुळवत वाचतो, तेही मराठीच. युसुफ उर्दू शाळेतला. जुन्या काळी परदेशी मुसाफिरांनी इराणातली शहरं पाहून जे लिहिलं, त्याचं एक उर्दू पुस्तक त्याच्यापाशी होतं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मशीन थांबवून तो वाचायचा आणि मले आपल्या बोलीत सांगायचा. इस्फहानच्या घुमटांचा निळा रंग मले उमजेना, तं म्हणे, "फुललेलं जवसाचं वावर उलटं करून डोक्यावर धर." तवापासून माझं इस्फहान जवसाचंच आहे.

त्या पुस्तकात दोन फिरंगी होते. पहिला म्हणे, असा चौक, असा पूल दुनियेत नाही. दुसरा फार मागून आलेला. त्यानं लिहिलं, भिंती ढासळल्या, घुमटांवरच्या निळ्या फरश्या गळाल्या, महालात धूळ. युसुफ पहिल्याचा, मी दुसऱ्याचा. मी म्हणायचो, "तुहा फिरंगी राजाच्या घरी जेवला असंल, म्हणून गोड लिहिलं." तो म्हणायचा, "अन् तुह्यावाल्याचं पोट बिघडलं असंल बे!" सालोसाल हेच. हार कोणीच मानली नाही.

शेवटी तो खाटेवर पडला, तवा त्याचा मुलगा सलीम मले दाराबाहेर थांबवून म्हणे, "काका, आता तरी एकदा हो म्हणा ना. अब्बाले बरं वाटंल." मी आत गेलो. युसुफ माझ्या तोंडाकडेच पाहून राह्यला होता. "सांग देवराव, कोण खरा?" मी हो म्हटलं असतं, तं त्याले त्याच घडीले कळलं असतं की आपलं आता संपलं. देवराव उगीच कोणाले हो म्हणत नाही, हे त्याच्याइतकं कोणाले ठाऊक? मी म्हटलं, "माहावालाच खरा. तुहा लबाड." असा भडकला की उशीले टेकून उठून बसला, दोन शिव्या हासडल्या, अर्धा कप चहाही घेतला. "बरा होऊ दे, मग दाखवतो तुले!" सलीमनं माझ्याशी बोलणं सोडलं. सोडलं तं सोडलं.

परवा त्याच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाले गेलो. सलीमनं ते पुस्तक माझ्या हातात ठेवलं. घरी आणून उघडलं... सगळं उर्दू. पहिला कुठं संपतो, दुसरा कुठं लागतो, काही कळेना. दुकानात आता सलीम बसतो; सकाळी पुस्तक घेऊन त्याच्याकडं गेलो. "माहावाला कोणत्या पानावर आहे, तेवढं दाखव."

त्यानं पानं चाळली, पुन्हा चाळली. मग मान खाली घालून म्हणे, "काका, मी मराठी शाळेतला. मले कुठं उर्दू येते?"