हिल्डाच्या बातम्या, डोरीनचा आवाज

काउडेन गावात कुणाचं लग्न जमलं, कुणाचं फिसकटलं, कुठली कापडगिरणी बंद पडायच्या वाटेवर आहे, हे हिल्डा ॲकरॉइडला सगळ्यांच्या आधी कळायचं. गावच्या ‘कुरियर’ साप्ताहिकात ती तरुणपणापासून बातमीदार होती. लंडनचे मोठे पेपर लोक फुटबॉलसाठी घेत; ‘कुरियर’ मात्र शेवटच्या पानापर्यंत वाचला जाई, आणि मगच त्यात तळलेले मासे गुंडाळले जात.

शेजारच्या टेबलावर डोरीन सटक्लिफ बसायची. तिला बातमी लिहायला शिकवलं हिल्डानंच. मग जिल्ह्यात नवं रेडिओ केंद्र निघालं आणि डोरीन तिकडे गेली. हिल्डानं स्वतः केक करून तिला निरोप दिला. त्या केकचा तिला पुढं फार पस्तावा झाला.

कारण ‘कुरियर’ निघायचा शुक्रवारी. सोमवारी नगरपालिकेच्या सभेत दोघी शेजारीशेजारी बसायच्या आणि मंगळवारी सकाळी डोरीन तीच बातमी रेडिओवर सांगून मोकळी व्हायची. आवाजही कसा, राणीकडे चहा पिऊन आल्यासारखा ऐटबाज!

“हिल्डा, पोहण्याचा तलाव बंद करतायत म्हणे,” खाटीक म्हणाला. “डोरीननं सांगितलं सकाळी.”

“मी होते की त्या सभेत!”

“होतीस? मग आधी बोलली का नाहीस?”

हिल्डाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं घरात ते केंद्र लावायला बंदी केली. नवरा क्लिफर्ड बिचारा कबुतरांच्या खुराड्यात बसून ऐकू लागला. एकदा ती अचानक तिथं पोचली, तर आत डोरीन बोलत होती.

“कबुतरांना आवडतं गं,” क्लिफर्ड म्हणाला.

“तुझ्या कबुतरांना अक्कल नाही,” असं म्हणून ती तरातरा घरात गेली आणि दिवसभर त्याच्याशी बोलली नाही.

त्या वर्षीच्या नोव्हेंबरात नदी फुगली. पाणी बाजारपेठेत शिरलं, फोन बंद पडले, ‘कुरियर’च्या छापखान्याचं तळघर बुडालं. हिल्डा गुडघ्याएवढ्या बुटांत सकाळपासून हिंडत होती. प्रार्थनामंदिरात कोण, शाळेत कोण, कुणाला होडीनं काढलं, सगळं तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. एवढी मोठी बातमी आयुष्यात पहिल्यांदाच हाती आली, आणि छापायला यंत्र नाही.

टेकडीवर रेडिओची गाडी उभी होती. ती पाहताच हिल्डानं रस्ता बदलला. आपली बातमी त्या बाईच्या तोंडी घालायची? सात जन्मांत नाही!

पुढच्या वळणावर एक माणूस धापा टाकत आला. पलीकडच्या गावाहून चालत आला होता. “नदीकाठची मिसेस ग्रीनवुड... माझी आई. कुणाला काही माहीत आहे का हो?”

“शाळेत आहेत. शेकोटीपाशी बसून सूप बेचव आहे म्हणून सगळ्यांना फैलावर घेतायत.”

तो माणूस रस्त्याकडेच्या बुटक्या भिंतीवर मटकन बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. हिल्डा त्याच्याकडे बघत राहिली. असे कितीतरी जण आत्ता घरोघरी रेडिओला कान लावून बसले असतील. ती मागं फिरली.

गाडीपाशी उभ्या डोरीननं तिला पाहिलं. “हिल्डा! अगं, मला इथून पाण्याशिवाय काही दिसत नाही. कोण कुठं आहे, सांग ना.”

“सांगते. पण मीच बोलणार.”

डोरीनचा चेहरा पडला. क्षणभर तिची माइकवरची पकड घट्ट झाली. मग तिनं तो पुढं केला.

हिल्डा बोलली ती आपल्या रांगड्या गावठी बोलीत. नावं, गल्ल्या, कोण सुखरूप, कुणाचं कुत्रंही वाचलं. दम लागेपर्यंत बोलली.

पाणी ओसरल्यावर खाटीक म्हणाला, “डोरीनचा त्या दिवशीचा कार्यक्रम झकास झाला हं. मध्येच कोणीतरी बाई येऊन चांगलं बोलून गेली.”

हिल्डानं सॉसेज घेतले नाहीत. तशीच निघून आली.

पण केंद्राचा साहेब खाटकासारखा बहिरा नव्हता. त्यानं तिला दर बुधवारी गावच्या गप्पा सांगायला बोलावलं. तिनं मुद्दाम थोडं ताणून धरलं, मग हो म्हणाली. बुधवारी डोरीन तिची ओळख करून द्यायची आणि काचेपलीकडून घड्याळाकडे बोट दाखवत बसायची.

“तू फार लांबवतेस, हिल्डा. माझ्या बातम्यांचा वेळ खातेस,” एकदा ती फणकारली.

“लोकांना आवडतं गं,” हिल्डा म्हणाली. त्या दिवशी तिनं चहाबरोबर दोन बन खाल्ले.