वसुधाबाईंच्या कादंबरीतले वडील

आदरणीय वसुधाबाईंची आणि माझी ओळख बिडकीनच्या शाळेत, नववीच्या वर्गात झाली. बाई आम्हाला मराठी शिकवत आणि शहरातल्या गारखेड्याहून रोज एसटीने येत. त्या किशोरांसाठी कादंबऱ्या लिहितात, हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं. एकदा मोकळ्या तासाला त्यांनी नव्या कादंबरीतलं एक प्रकरण वाचून दाखवलं आणि यातलं खोटं काय वाटतं, असं विचारलं.

त्या प्रकरणात मुलीचे वडील तिच्या शिक्षणाला कडाडून विरोध करतात. मग शिक्षिका घरी येऊन मोठं भाषण करतात आणि वडिलांचं मन बदलतं. मी सहसा हात वर करत नसे. येत असलेलं उत्तरही चुकेल अशी धास्ती वाटे. त्या दिवशी मात्र बोलून गेले, की आमचे अण्णा विरोध करत नाहीत, नुसतं 'बघू' म्हणतात. वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत.

"'बघू' म्हणजे हो की नाही?"

"ते त्यांनाबी माहीत नसतं, बाई."

दहावीनंतर तो 'बघू' माझ्याच वाट्याला आला. आमच्या घरात शाळेत गेलेली मी पहिलीच. मला शहरातल्या कॉलेजात जायचं होतं, प्रवेशाची मुदत संपत आली होती आणि अण्णा हो म्हणत नव्हते, नाहीही म्हणत नव्हते. बाईंना हे कळलं, तशा त्या घरी आल्या. मी दाराआड उभी राहून भाषणाची वाट पाहत होते. बाईंनी चहा घेतला आणि अडचण कशाची वाटते, एवढंच अण्णांना विचारलं.

अण्णा म्हणाले, "शिकवायचं हाये, बाई. पर तिथं कुणाला काय इचारायचं, मला म्हाईत नाय. माझ्यामुळं पोरीचं काही चुकलं तर?"

"मग उद्या माझ्याबरोबर चला. विचारायचं तुम्ही. मी शेजारी उभी राहते."

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या खिडकीपाशी अण्णांनी स्वतः सगळं विचारलं. क्लार्क बाईंकडे पाहून उत्तरं देऊ लागला, तेव्हा वडील हे आहेत, यांना सांगा, असं बाईंनी त्याला बजावलं. अण्णा हे अजून सांगतात. माझा प्रवेश झाला. पुढे गावातले इतर वडीलही चौकशीला आमच्याकडे येऊ लागले.

मुलांच्या कथेत शाळा म्हणजे उजेड आणि घर म्हणजे अडसर, अशी सोपी वाटणी करू नये, असं बाई आम्हाला सांगतात. शाळेने घराचा हात धरावा, त्याची जागा घेऊ नये, ही त्यांची धारणा. छापलेल्या कादंबरीत ते भाषण नाही. तिथे वडील खिडकीशी उभे आहेत. ती आमचीच गोष्ट आहे, असं म्हणणं मात्र योग्य होणार नाही. त्यातले वडील शिंपी आहेत आणि मुलगी माझ्यापेक्षा पुष्कळ धीट आहे. आज मी किशोर कादंबरीतल्या शाळा आणि घर याच विषयावर संशोधन करते, ते बाईंमुळेच.

साठी पूर्ण करताना बाईंची प्रकृती उत्तम राहो, त्यांचा लिहिता हात थकू नये आणि लिहिलेलं मुलांना वाचून दाखवण्याची त्यांची हौस पुढची कित्येक वर्षं टिकावी, ही मनापासून इच्छा. हा लेख मी अण्णांना वाचून दाखवला आणि त्यांच्याकडून काय लिहू, असं विचारलं. ते म्हणाले, "लिही, लई वर्षं लिहीत राहा, बाई. अन् पुढच्या पुस्तकातल्या बापाला काही अडलं, तर माझ्याकडं पाठवा."